ज्यांनी पाना धरायला शिकवलं त्यांच्याच कामात चूक सापडली, काय करू?

हिंगणा_फिटर
आठ वर्षं फिटर होतो, मार्चपासून सुपरवायझर. हिंगणा एमआयडीसीत आमचं शेड आहे. खाणीतल्या कन्व्हेयरचे गिअरबॉक्स बनवतो, मोटर-कपलिंगसकट बेस फ्रेमवर बसवून पाठवतो. हाताखाली अकरा माणसं, त्यातली सहा कॉन्ट्रॅक्टची. आणि एक काकाजी.

आयटीआय करून आलो तेव्हा मला कानसही सरळ धरता येत नव्हती. डायल (बारीक फरक दाखवणारं मोजायचं घड्याळ) लावणं, बेअरिंग गरम करून बसवणं, स्लिंग कुठून घालायची, सगळं काकाजींनी शिकवलं. आता ते मला सगळ्यांसमोर 'साहेब' म्हणतात. टोमणा आहे की मान, अजून कळलं नाही. कान मात्र तापतात.

परवा डिस्पॅचच्या आधी एका गिअरबॉक्सचे सांध्याचे बोल्ट सहज तपासले. वरचं-खालचं कव्हर धरणारे १४ बोल्ट, एम-२०, ८.८ ग्रेड, ड्रॉइंगवर ४०० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की क्लिक करणारा पाना, ४०० वर लावला आणि ओढला. तीन बोल्ट क्लिक यायच्या आधीच फिरले, त्यातला एक तर चांगला पाव फेरा. बाकी अकरा टणक. पिवळ्या पेंटची रेघ, म्हणजे 'कसून झाला' ही खूण, मात्र चौदाही बोल्टांवर. चेकशीटवर काकाजींची सही, खाली माझी. माझी सही मी टेबलावर बसूनच ठोकली होती, मशीनजवळ गेलोच नव्हतो. हेही लिहून टाकतो.

काकाजींच्या रिटायरमेंटला चौदा महिने राहिलेत. मॅनेजरला सांगितलं तर मेमो नक्की. गुपचूप तीन बोल्ट कसून गाडी रवाना केली तर कोणाला कळणारही नाही. दोन रात्री झोप नाही. काय करून राहिलो मी, मलाच समजत नाही.

क्यूसी_वाला
गुपचूप काही करू नकोस. रिपोर्ट काढ, मशीन होल्डवर टाक. नात्याचं नंतर बघता येईल. तुझी सही आहे त्यावर, फक्त त्यांची नाही.

जुना_बुटीबोरीकर
भाऊ, मी तीस वर्षं असेंब्लीत काढली, आता घरी बसून संत्री सोलतो. मेमोचं सोड, आधी सांग: सैल निघाले ते बोल्ट कितव्या नंबरचे? कव्हरवर कसायचा क्रम पंच केलेला असेल.

काहून विचारतो ते सांगतो. सांध्याला सीलंट लावलेला असतो. पहिला बोल्ट पूर्ण ४०० वर कसला तरी पुढचे कसताना सांधा आणखी दबतो, सीलंट बाहेर येतो, आणि पहिल्या बोल्टाचा ताण उतरतो. क्लिक तेव्हा खराच आलेला असतो, पण अर्ध्या तासानं तो खोटा ठरतो. म्हणून मधून सुरू करून तिरके-तिरके बाहेर जायचं, तेही टप्प्यानं: आधी तिसरा हिस्सा, मग दोन हिस्से, मग पूर्ण. आणि शेवटी सगळ्यांवरून परत एक फेरी. ही शेवटची फेरीच लोक खातात.

दुसरं, ते तीन बोल्ट नुसते कसून पाठवू नको. सीलंट जाड थरात सुकला असेल तर नंतर कसून उपयोग नाही, साइटवर तेल गळेल. कव्हर उघडावंच लागेल.

आणि विषय निघालाच आहे तर: नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कपलिंगचं अलाइनमेंट (मोटर अन् गिअरबॉक्सचे शाफ्ट एका रेषेत आणणं) दुपारी करत असशील तर बंद कर. एक मीटर लोखंड २० अंशांनी तापलं की जवळपास पाव मिलिमीटर वाढते. पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूनं ऊन आलं की डायल तुले दिवसभर खेळवते. सकाळी सहाला कर.

हेल्पर_आहे_मी
मी कॉन्ट्रॅक्टवर आहे, दुसरीकडे. रागावू नका साहेब, पण आमच्याकडे काम अर्धं असताना सुपरवायझर येतो नं म्हणतो, 'चल, ट्रेलर आला, खाली करू लाग.' परत येईपर्यंत फिटर एकटाच असतो. एवढा लांब रेंच एकट्यानं ओढायचा, वर कव्हर हलू नये तेही बघायचं. पेंटची रेघ मारायला मात्र एकच माणूस पुरते. त्या दिवशी हेल्पर कुठं होता, विचारून पाहा.

हिंगणा_फिटर
आज उत्तर लिहून राहिलो.

सैल निघालेले बोल्ट १, २ आणि ४ नंबरचे. बुटीबोरीकर काका, तुमचा पत्ता द्या, तर्री-पोहे माझ्याकडून.

हेल्परभाऊचं वाचलं आणि रजिस्टर काढलं. त्या दुपारी साडेतीनला बेअरिंगांचा ट्रेलर आला होता. काकाजींचा हेल्पर मीच तिकडे पाठवला, 'दहा मिनिटांत येतो' म्हणून. तो शिफ्ट सुटेपर्यंत आला नाही. वर मीच दोनदा जाऊन 'काकाजी, आज उरकून टाका' म्हणालो होतो. हे मला अगदी आठवते, फक्त परवा आठवलं नव्हतं.

चहाच्या वेळी त्यांना मशीनजवळ नेलं आणि रेंच त्यांच्याच हातात दिला. त्यांनी १ नंबर ओढला, फिरला. मग चौदाही ओढून पाहिले, तोंडातून शब्द नाही. शेवटी म्हणाले, "शेवटची फेरी राहिली. अन् रेघ मी मारली."

रिपोर्ट मी काढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: काम चालू असताना हेल्पर काढला, अंतिम तपासणी न करता सही केली. खाली माझं नाव. मॅनेजर बराच वेळ बोलले, त्यातलं अर्धं लिहिण्यासारखं नाही. डिस्पॅच दीड दिवस पुढं गेला. कव्हर उघडलं, सीलंट खरवडला, परत लावला. या वेळी रेघ दोन रंगांची: टप्प्याचं काम झालं की पिवळी, शेवटच्या फेरीनंतर पांढरी. पांढरी मी मारायची, तेही रेंच स्वतः ओढून.

चौदावा झाल्यावर मी रेंच पेटीत ठेवला आणि हात पुसत निघालो, तर मागून आवाज आला, "बे पोट्ट्या! रेंच ४०० वरच ठेवून दिला तू. खाली उतरव, स्प्रिंग बसते त्याची."