इमारतीत एचडी सेट-टॉप बॉक्स घ्यावेत का?

सचिव
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या इमारतीला केबल देणाऱ्यांनी असा प्रस्ताव दिला आहे की किमान वीस घरांनी होकार कळविल्यास ते जुने बॉक्स परत घेऊन प्रत्येकी ९०० रुपयांत एचडी, म्हणजे अधिक स्पष्ट चित्र देणारे, बॉक्स बसवून देतील. दरमहाचे बिल प्रत्येकाने निवडलेल्या वाहिन्यांप्रमाणे वाढेल. हा खर्च सोसायटीच्या निधीतून होणार नाही आणि कोणावर सक्तीही नाही. कृपया रविवारपर्यंत आपले मत येथेच कळवावे.

बी-४०३
माझा याला विरोध आहे आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे. मागच्या दिवाळीत आम्ही ३२ इंची टीव्ही काढून ४३ इंची फुल एचडी टीव्ही घेतला. दुकानात चित्र अतिशय सुरेख दिसत होते, परंतु घरी लावल्यापासून ते जुन्या टीव्हीपेक्षाही धूसर दिसते. एकदा एचडीचे पैसे मोजून झाल्यावर त्याच गोष्टीसाठी पुन्हा ९०० रुपये आणि वाढीव बिल का भरावे, हे मला कोणी समजावून सांगावे.

सी-२०१
आम्ही छत्रीवाले, म्हणजे डिश अँटेनावाले, आहोत, त्यामुळे हा प्रस्ताव आम्हाला लागू नाही. मात्र जुलैमध्ये मोठी सर आली की आमचे चित्र गोठते. केबलचे तसे होत नसेल, तर आम्हीही पुन्हा केबलकडे वळण्याचा विचार करू.

ए-२०२
बी-४०३ च्या वहिनींचा प्रश्न रास्त आहे. मी तीस वर्षे टीव्ही दुरुस्तीचे काम केले असल्यामुळे काल संध्याकाळी त्यांच्या परवानगीने घरी जाऊन टीव्ही पाहून आलो. जे आढळले ते सविस्तर लिहितो, कारण माझ्या अंदाजाने आपल्या इमारतीतील बऱ्याच घरांत हीच स्थिती असावी.

टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ओढला तेव्हा मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांची जुनी वायर लावलेली दिसली आणि एचडी चित्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या. त्या पिवळ्या पिनेतून केवळ जुन्या दर्जाचे, म्हणजे एसडी, चित्र जाऊ शकते. ते चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे साधारण सव्वाचार लाख ठिपक्यांचे असते. वहिनींच्या टीव्हीचा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा आहे, म्हणजे वीस लाखांहून अधिक. एका ठिपक्याच्या माहितीवर पाच ठिपके भरायचे असल्यामुळे टीव्ही मधली जागा अंदाजाने भरून काढतो. पडदा मोठा झाला आणि चित्र तेवढेच राहिले, म्हणून धूसरपणा आता अधिक जाणवतो. दुकानात मात्र टीव्हीला खास तयार केलेली उत्तम चित्रफीत जोडलेली असते. टीव्ही निर्दोष आहे. त्याला आजवर एचडी चित्र मिळालेलेच नाही.

दुसरी गोष्ट चित्राच्या आकाराची. बॉक्सचे सेटिंग अजून जुन्या चौकोनी टीव्हीचेच होते आणि टीव्ही ते चित्र आडवे ताणून दाखवत होता. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या कपाळावरची गोल टिकली अंड्यासारखी दिसत होती. रिमोटवरून आकार १६:९, म्हणजे नव्या रुंद टीव्हीचा, केल्यावर ती पुन्हा गोल झाली. याला एक पैसाही लागत नाही, तेव्हा बॉक्स घ्या अथवा घेऊ नका, हे प्रत्येकाने आजच तपासावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एचडीचे पैसे वसूल होतात की नाही, हे टीव्हीच्या किमतीवर ठरत नाही, आपण किती अंतरावर बसतो यावर ठरते. साधारण चांगली नजर असलेल्या माणसाला एसडी चित्रातील बारकाव्यांची उणीव चित्राच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतराच्या आत बसल्यावरच जाणवते. त्याहून लांब बसल्यास एसडी आणि एचडी डोळ्याला जवळजवळ सारखेच. ४३ इंची टीव्हीच्या चित्राची उंची सुमारे २१ इंच असते, म्हणजे ही सीमा साडेदहा फुटांवर येते. आपल्या इमारतीतील हॉल दहा फूट रुंद आहेत आणि सोफा एका भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीला अशी मांडणी असल्यामुळे डोळ्यांपासून पडद्यापर्यंत साधारण आठ फूट उरतात. मुंबईच्या लहान खोल्यांमुळे आपण टीव्हीच्या जवळ बसतो, आणि म्हणूनच ४३ इंची टीव्ही असलेल्या घरांत एचडीचा फरक स्पष्ट दिसेल, असे मी खात्रीने सांगतो. ३२ इंची टीव्हीला हीच सीमा पावणेआठ फुटांवर येते, म्हणजे आपल्याकडे तो फरक असून नसल्यासारखा. अशा घरांनी घाई करू नये.

डी-३०४
काका, मग फुल एचडीहूनही बारीक चित्राचा फोरके टीव्ही घेतलेला काय वाईट? आमचा टीव्ही पंधरा वर्षांचा झाला आहे आणि तो बदलायचाच आहे.

ए-२०२
टीव्ही बदलायचाच असेल तर वेळ बरी आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. मात्र फुल एचडीपेक्षा फोरके सरस दिसण्यासाठी चित्राच्या उंचीच्या सव्वातीनपटीहून जवळ बसावे लागते. ४३ इंचीसाठी ते अंतर साडेपाच फूट आणि ५५ इंचीसाठी सुमारे सात फूट. आठ फुटांवर बसून फोरकेसाठी म्हणून वेगळे पैसे मोजू नयेत. त्याच किमतीत मिळत असेल तर हरकत नाही.

दरमहाच्या खर्चाबद्दलही लिहितो, कारण बॉक्सचे पैसे एकदाच जातात, बिल मात्र दर महिन्याला येते. २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दररचना लागू झाल्यापासून प्रत्येक वाहिनी सुटी निवडण्याचा हक्क आपल्याला आहे. केबलवाले एचडीचा मोठा संच पुढे करतील, तो जसाच्या तसा घेण्याची गरज नाही. घरात रोज पाहिली जाणारी मालिकांची एक मराठी वाहिनी आणि क्रिकेटची एक, एवढ्याच एचडीमध्ये घ्याव्यात आणि त्याच वाहिन्यांच्या साध्या आवृत्त्या यादीतून काढायला सांगावे, नाहीतर दोन्हींचे पैसे लागतात. क्रिकेटमध्ये फरक सर्वांत जास्त कळतो; चेंडू हिरवळीवरून जाताना एसडीमध्ये पुसट होतो आणि धावफलकातले बारीक आकडे वाचता येत नाहीत. जुने चित्रपट मात्र एचडी वाहिनीवरही बरेचदा जुन्याच प्रतीवरून मोठे करून दाखवतात, त्यांच्यासाठी खर्च करू नये.

सी-२०१ साठी : मोठ्या पावसात छत्रीकडे येणारी उपग्रहाची लहर क्षीण होते, म्हणून चित्र गोठते. केबलमध्ये आपल्या घरापुरता हा त्रास होत नाही.

सचिव महोदयांना विनंती आहे की, बॉक्ससोबत एचडीएमआय वायर विनामूल्य मिळेल, हे केबलवाल्यांकडून लेखी घ्यावे. नवा बॉक्स जुन्या तीन पिनांवरच जोडून दिला, तर वीसही घरांचे ९०० रुपये पाण्यात जातील.

बी-४०३
आता उलगडा झाला. टिकली खरोखरच गोल दिसू लागली आहे. आमचा होकार नोंदवावा, मात्र वायरची अट लेखी असावी.

सचिव
वायरची अट पत्रात घालतो आणि बसविताना प्रत्येक घरी जोडणी दाखवून सही घेण्याचेही लिहितो.

सी-१०१
मी टेपने मोजले. आमचा टीव्ही २४ इंची असून माझ्या खुर्चीपासून तो नऊ फुटांवर आहे, तेव्हा ए-२०२ च्या भाऊंच्या हिशेबाने आमचे नाव यादीत घालू नये. माझी अडचण एवढीच आहे की मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही मला खालच्या पट्टीतील बातम्या वाचता येत नाहीत.

ए-२०२
आजी, तुम्ही बॉक्स घेऊ नका. टीव्ही सहा फुटांच्या आत आला तर आहे त्याच चित्रात पट्टीतील अक्षरे बरीच मोठी दिसतील. उद्या सकाळी दहा वाजता मी येतो. टेबल खिडकीच्या बाजूला घेऊन केबलची वायर तेथवर पुरते का ते पाहू, आणि कमी पडली तर माझ्याकडे पाच मीटरचा तुकडा आहे.