वल्हं, नाळ, उलांडी, सांगड... होडीचे शब्द सांगा

घाटावरचा: भाचीने कॉलेजात रोइंग सुरू केलंय, घरी येऊन बो, स्टर्न, ओअर, आउटरिगर असं काय काय बोलत असते आणि आजी म्हणते मराठीत सांग की बाई. वल्हं आणि सुकाणू सोडून मला तरी पुढे सुचेना. पेपरवाले सगळ्यालाच नौकानयन म्हणून मोकळे, दत्तू भोकनळ २०१६ ला रोइंगसाठी रिओ ऑलिंपिकला गेला तेव्हा तो नौकानयनपटू, आणि शिडाच्या बोटींची शर्यत असली तरी तेही नौकानयनच. कोकणातली मंडळी काय म्हणतात?

खारा वारा: बो, म्हणजे होडीचं पुढचं टोक, ती नाळ. बाळाची नाळ नि घोड्याचा नाल डोक्यातून काढा, ही नाळ वेगळी. स्टर्नला, म्हणजे मागच्या बाजूला, सरळ पिछाडी म्हणा, समजतं. सुकाणू हा शब्द अरबी सुक्कानवरून आलाय आणि खरं सांगायचं तर लहान होडीला सुकाणू नसतंच बरेचदा, मागे बसलेला माणूस एका वल्ह्यानेच होडी वळवतो. आउटरिगरला आमच्या मालवण बाजूला उलांडी. होडीच्या एका अंगाला दोन वासे आडवे बाहेर काढायचे आणि त्यांच्या टोकाला लाकडी ओंडका बांधायचा, तो पाण्यावर तरंगतो म्हणून होडी कलंडत नाही.

बोटक्लबवाला: उलांडी शब्द झकास आहे पण भाचीच्या बोटीला लावू नका!! रोइंगच्या बोटीतला आउटरिगर म्हणजे बाजूला आलेला धातूचा सांगाडा, त्याच्या टोकाला वल्हं अडकवतात. तो पाण्याला टेकतसुद्धा नाही, त्याचं काम तरफेचा टेकू लांब नेण्याचं. इंग्रजीत नाव एक म्हणून मराठीतही एकच पाहिजे असं थोडंच आहे. वल्ह्याचं मात्र उलटं आहे, ओअर आणि पॅडल दोन्हीला आपण वल्हंच म्हणतो. ओअर बोटीला अडकवलेलं असतं आणि मारणारा पाठ पुढे करून बसतो, पॅडल नुसतं हातात असतं आणि तोंड पुढे. फरक सांगायचाच तर अडकवलेलं वल्हं आणि हातवल्हं म्हणा, हातवल्हं हा माझा शब्द, पटला तर घ्या.

कृष्णाकाठ: अहो सगळं समुद्राचंच चाललंय, नदीवाल्यांनापण बोलू द्या की. आमच्याकडे पाणी उथळ असलं की वल्हं कुठलं, लांब बांबू तळाला रोवायचा आणि नाव रेटायची. पुरात तर गुळाची काहिल, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, पाण्यात सोडून माणसं बाहेर काढलेली आहेत, ती काय होडी म्हणून बनवलेली नसते पण चालते. आणि सांगड विसरू नका. दोन होड्या नाहीतर ओंडके, भोपळे शेजारी शेजारी बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड, आपण भाषणात 'परंपरा आणि आधुनिकतेची सांगड' घालतो ती इथलीच. शब्द जुना आहे फार. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जोडओंडक्यांच्या मोठ्या नावांना 'संगारा' म्हटलंय आणि बरेच अभ्यासक तो आपल्या सांगडीचाच भाऊबंद मानतात.

खारा वारा: हे भारी आहे. वल्ह्यांचा विषय निघालाय तर गलबत पण घ्या. लोकांना वाटतं गलबत म्हणजे शिडाचं मोठं जहाज, पण मराठ्यांच्या आरमारात मोठी ती गुराब, गलबत त्याहून लहान आणि चपळ, आणि त्याला चाळीस-पन्नास वल्ही असायची. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना ओढत न्यायची. जुन्या याद्यांत शिबाड, तरांडे, मचवा यांच्यासोबत 'पगार' नावाची छोटी होडीसुद्धा सापडते, महिन्याच्या पगाराशी तिचा संबंध जोडू नका, तो महिन्याचा पगार हा शब्द पोर्तुगीज आहे.

घाटावरचा: वा, आजी खूश होणार. एकच राहिलं, बोटीत बसून नुसता ओरडणारा तो कॉक्स, त्याला काय? नाखवा?

खारा वारा: नाही हो, नाखवा होडीचा धनी. खलाशांवर हुकूम चालवतो तो तांडेल.

बोटक्लबवाला: पण कॉक्स बोट वळवतोही, मग सुकाण्या का नको?

खारा वारा: सुकाण्या गप्प बसून सुकाणू धरतो. ओरडायचं असेल तर तांडेलच.