जुन्या फोनवर बॉइंक: चार्जर लावूनही काम पुढे सरकत नाही

सातपूरकर:
चार जुने अँड्रॉइड फोन, प्रत्येकी ३ जीबी रॅम. चारहींवर बॉइंक (फोनची रिकामी ताकद विज्ञान प्रकल्पांच्या आकडेमोडीला देणारं अ‍ॅप) टाकून आइन्स्टाइन अ‍ॅट होम या खगोलशास्त्राच्या प्रकल्पाला जोडलंय. आकडेमोडीचं काम फोनवर उतरतं, पण रात्रभर चार्जिंगला लावूनही तिथेच अडकतं. दोन फोनांत ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय चालू आहे, दोन संगणकाच्या यूएसबीला जोडलेत. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हे चालवावं का?

गोदाकाठ:
पहिल्या दोघांचं कारण त्या ८५ मध्येच आहे. बॅटरी ९० टक्के भरल्याशिवाय बॉइंक कामाला हातच लावत नाही. सेटिंगमध्ये ही किमान पातळी ७० करा. ८५ ची मर्यादा मात्र काढू नका. सतत पूर्ण भरलेली आणि वर गरम राहिलेली बॅटरी फुगते. स्क्रीन आणि कडेच्या फटीत नख शिरायला लागलं, तर तो फोन लगेच बंद करा.

दुसऱ्या दोघांना वीज कमी पडतेय. संगणकाच्या साध्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो. चार्जिंगची खूण दिसत राहते, पण टक्के उतरतात. प्रत्येकाला ५ व्होल्ट २ अँपिअरचा स्वतंत्र चार्जर आणि आखूड, जाड केबल द्या. फोनमागे ५ वॅट धरले तरी चार फोन दहा तास चालून ०.२ युनिट होतं.

रात्रपाळी:
उन्हाळ्यात दुपारी नकोच. बॅटरी ४० अंशांवर गेली की बॉइंक थांबतं, आणि त्या दिवसांत दुपारची हवाच चाळिशीला टेकलेली असते. ती मर्यादा वाढवू नका. रात्री दहा ते सकाळी आठ चालवा: कव्हर काढून, गादीवर नाही तर फरशीवर, दोन फोनांमध्ये वीतभर अंतर ठेवून. प्रोसेसरच्या आठपैकी चारच कोअर बॉइंकला द्या. सगळे दिले की फोन तापतो आणि स्वतःच वेग उतरवतो, हाती फारसं जास्त लागत नाही.

फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये बॉइंकवरचे निर्बंधही काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर सिस्टीम त्याला मारून टाकते.

सातपूरकर:
७० केल्यावर दोन सुरू झाले. काम किती साठवून ठेवू?

गोदाकाठ:
०.१ दिवस. आइन्स्टाइनचं काम पुरं करून परत द्यायची मुदत साधारण १४ दिवसांची असते, आणि तुमचे फोन रोज दहाच तास चालणार. मुदत उलटली की तेच काम दुसऱ्याकडे जातं. पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ लहरींचे ठोके देणारे तारे) शोधायचं काम आहे हे, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरही तेच शोधतात. अर्धवट सोडू नका.