घर आणि ऑफिस, दोन्हीकडे एकच लॅपटॉप: हरकत काय?

धागाकर्ती
ऑफिसचा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडूच नये, असं आमचे आयटीवाले सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक वेळा घोळ लॅपटॉपचा नसतो, हाताने भरलेल्या आयपीचा, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याचा असतो. घरच्या राउटरची पत्त्यांची रेंज वेगळी, त्यामुळे वायफाय जोडलेलं दिसतं पण एक पान उघडत नाही. विंडोजमध्ये आयपी ऑटोमॅटिकवर ठेवला की शेजारी 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' हा टॅब येतो. ऑफिसचा आयपी तिथे भरा. घरी राउटर डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, पत्ता देतो. ऑफिसात तो देणारं कोणी नसेल, तर लॅपटॉप जरा वाट पाहून भरलेला पत्ता स्वतःच घेतो. मॅकवर यासाठी जागेनुसार सेटिंग्ज जपणारं 'लोकेशन' आहे. मग दुसरा लॅपटॉप कशाला?

सर्व्हररूम
ऑफिसात डीएचसीपी असेल तर तुमचा तो टॅब कामालाच येणार नाही. पण माझा विरोध आयपीवरून नाहीच. मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर. फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टमधून (नेटवर्कवरच्या दारातून) एका मशीनवरून दुसऱ्यावर, कोणी क्लिक न करता पसरत होतं. घरून लागण झालेला लॅपटॉप सकाळी ऑफिसच्या केबलला लावला की तो फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याच्या, आत असतो. बाहेरून येणाऱ्याला अडवता येतं, याला कसं अडवायचं?

धागाकर्ती
त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता! अपडेट केलेली मशीन्स वाचली. घरचं नेटवर्क 'पब्लिक' ठेवलं तर विंडोजचं फायरवॉल शेअरिंगच्या विनंत्या आत येऊ देत नाही. बंदीपेक्षा हे शिकवा ना लोकांना.

सर्व्हररूम
शिकवतो. तरी घरचा प्रिंटर दिसत नाही म्हणून लोक 'प्रायव्हेट' करून मोकळे होतात, आणि अपडेटला महिनोन् महिने 'नंतर' म्हणतात. सगळे नीट वागतील असं धरून नेटवर्क सांभाळता येत नाही.

रात्रपाळी
मी धागाकर्तीच्या बाजूने, पण व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित रस्ता, विसरू नका. पत्त्यांची सुरुवात घरी १९२.१६८.१ आणि ऑफिसातही १९२.१६८.१ असेल, तर व्हीपीएन जोडूनही ऑफिसचा सर्व्हर सापडत नाही. लॅपटॉप त्याला घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरची रेंज १९२.१६८.५७ अशी काहीतरी करा, प्रश्न मिटतो. दुसरं म्हणजे प्रॉक्सी, ब्राउझरची ये-जा ज्यातून होते तो मधला सर्व्हर. ऑफिसचा प्रॉक्सी चालू राहिला की घरी ब्राउझर रुसतो आणि शिव्या बिचाऱ्या वायफायला बसतात.

सर्व्हररूम
रेंजचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. माझ्याकडे येणाऱ्या 'व्हीपीएन चालत नाही' तक्रारींत हेच फार निघतं. डिस्क एन्क्रिप्टेड (पासवर्डशिवाय वाचता न येणारी), अ‍ॅडमिन हक्क (सेटिंग्ज बदलायचे) आमच्याकडे आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला लॉगिन नाही, एवढं मान्य असेल तर न्या घरी.

धागाकर्ती
पहिलं आणि तिसरं आत्ता मान्य. अ‍ॅडमिन हक्क मात्र नाही. रात्री प्रॉक्सी बदलायला पासवर्ड लागला तर तुम्ही फोन उचलणार का?