राऊच्या पलीकडचे ना. सं. इनामदार

ऐतिहासिक कादंबरीकार ना. सं. इनामदार म्हणजे पहिल्या बाजीरावावरची ‘राऊ’ ही कादंबरी आणि त्यातली मस्तानी, एवढंच अनेकांना वाटतं. २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’ सिनेमामुळे तसं वाटणं साहजिक आहे, पण माझ्या मते त्यांची खरी ओढ बदनाम झालेल्या माणसांकडे होती. पहिली मोठी कादंबरी ‘झेप’ कुणावर? दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांवर! बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा ठपका ज्यांच्यावर आला आणि इंग्रजांनी ज्यांना ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं, ते त्रिंबकजी. १८१६मध्ये ते तिथून निसटले. खिडकीखाली घोड्याला खरारा करताना मोतद्दार मराठी गाणी म्हणायचा, त्यातूनच सुटकेचा बेत आत पोचायचा आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना काही म्हणता काही कळायचं नाही, अशी आख्यायिका आहे. इंग्रज धर्मगुरू बिशप हेबरनेही ती आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलीय. (मला तर सिनेमा यावर हवा होता.)

मग ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’त चक्क दुसरा बाजीराव, ‘शहेनशहा’त औरंगजेब. पळपुटा, लुटारू, खुनी असे शिक्के बसलेल्यांची बाजू हा माणूस हट्टाने मांडत राहिला. कधीकधी वकिली जरा जास्तच होते, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या बाबतीत. तिथे मला पटत नाही.

माणूस मूळचा साताऱ्याकडचा, खटाव तालुक्यातल्या गोरेगावचा, जन्म १९२३चा. १९९७च्या नगरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लेखनामागची त्यांची भूमिका जाणून घ्यायची असेल तर ‘राऊ’ बाजूला ठेवा आणि ‘झेप’पासून सुरुवात करा.