कुसळी गवताने भरलेले माळरान कसे सुधारावे?

प्रश्न: माण तालुक्यात आमचा चार एकर पडीक माळ असून त्यावर सहा खिलार जनावरे चरतात. दिवाळीनंतर तेथे कुसळीशिवाय काही उरत नाही आणि तिची कुसळे गाईंच्या हिरड्यांत रुततात. नांगरट न करता काही उपाय आहे काय?

उत्तर १: नांगरट नकोच, उथळ माती वाहून जाईल. कुसळी फुलोऱ्यावर येण्याआधीच कापून वाळवावी, म्हणजे चारा सकस मिळतो आणि बीही पडत नाही. पावसाच्या तोंडावर उताराला आडव्या चरांत मारवेल गवताची ठोंबे लावून मधल्या पट्ट्यांत स्टायलो या चारापिकाचे बी फोकावे. स्टायलो शेंगवर्गीय असल्याने जमिनीला नत्र देतो, मात्र बियांचे कवच कठीण असल्यामुळे ते आधी गरम पाण्यातून काढावे लागते.

उत्तर २: सल्ला योग्य आहे, परंतु पहिल्या वर्षी जनावरे आत सोडल्यास कोवळी ठोंबे मुळासकट उपटली जातील. म्हणून एका वेळी एकच एकर राखावा.

प्रश्नकर्ता: तोवर वैरणीची ओढाताण होईल, त्याचे काय?

उत्तर २: कडब्याची कुट्टी करून घाला. आमच्या गोठ्यात अख्ख्या पेंढ्या टाकत होतो तेव्हा निम्मा कडबा पायदळीच जात असे.