ट्रिपोली स्मारकाच्या दोन स्थलांतरांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिसच्या ट्रिपोली स्मारकावर लिहितोय. नौदल अकादमीच्या आवारात प्रेबल हॉलमागे उभा आहे तो संगमरवरी खांब. नीट बघितलंत तर खांबातून जहाजांच्या नाळी (पुढची टोकं) बाहेर आलेल्या दिसतात, अगदी वर गरुड.

१८०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ट्रिपोलीच्या मोहिमेत सहा अमेरिकी नौदल अधिकारी पडले, त्यांचं हे स्मारक. सरकारने नाही, सहकाऱ्यांनी वर्गणी काढून इटलीत लिव्होर्नोला १८०६ मध्ये घडवून घेतलं. 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेतून ते अमेरिकेत आलं. (सहांपैकी हेन्री वॉड्सवर्थ म्हणजे अमेरिकी कवी लाँगफेलोचा मामा. भाच्याचं नावही त्याच्यावरूनच ठेवलेलं!)

१८०८ मध्ये ते वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात (नौदलाच्या गोदीत) उभं राहिलं, १८३१ मध्ये कॅपिटॉलच्या (अमेरिकी संसद भवनाच्या) पश्चिम बाजूला गेलं आणि १८६० मध्ये अ‍ॅनापोलिसला. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी यादवी युद्धामुळे अकादमी न्यूपोर्टला हलली!

माझं अडलंय ते इथे. कॅपिटॉलसमोरच्या काळातलं एखादं जुनं चित्र किंवा छायाचित्र कुणाच्या पाहण्यात आहे का? आणि तिथून ते का हलवलं, याचा त्या काळचा कागद कुठे मिळेल? वॉशिंग्टनच्या ग्रंथालयांत नेहमी जाणारं कुणी असेल तर कृपया सांगा. विकिपीडिया वाचून झालाय, त्याची लिंक नको. अंकात छापता येईल असं, हक्कमुक्त चित्र मिळालं तर फारच बरं.